डिसोटोवाल्या सुमनताई

तात्यापाऱ्याच्या गल्लीत गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा, आणि गाडीच्या आवाजाच्याही आधी सुमनताईंचा. "हटो भैया, ब्रेक लंबा है मेरा," असं खिडकीतून डोकं काढून सांगत त्या यायच्या. भाजीवाले, स्कूटीवाले, पायरीवर गप्पा हाणत बसलेले म्हातारे, सगळे भिंतीला चिकटायचे. मग ती हिरवी, होडीसारखी लांब डिसोटो कोपऱ्यावरून वळायची आणि मला दरवेळी वाटायचं, आता कोणाचा तरी पाय जाते. माझा स्वभावच तसा. कपाटावर डबा ठेवलेला दिसला की तो कोणाच्या डोक्यावर पडंल, ते मी आधी ठरवून टाकते. सुमनताई म्हणायच्या, "अर्चना, तू जन्मताच ब्रेक दाबून आली."

त्यांना स्वतःला थांबणं माहीत नव्हतं. चहा उभ्यानं, जेवण ओट्यापाशी उभ्यानं, पेपर वाचायचा तो दारात येरझारा घालत कोणाकडून तरी वाचून घ्यायचा. गाडी दोन दिवसांच्या वर उभी राहिली तर त्यांना झोप लागत नसे. पहाटे ती काढून बूढ़ातालाबच्या तळ्याला एक फेरी मारून आल्या म्हणजे मग दिवस सुरू. "लोखंड बसलं की बसतेच," म्हणायच्या. "माणसाचं त्याहून लवकर."

मी तेव्हा संतोष भैयांच्या सीट कव्हरच्या दुकानात मागच्या बाजूला मशीनवर असायची. दारव्ह्याकडचं खेडं सोडून इकडं हिंदी मुलखात, बीरगांवात येऊन सहा वर्षं झाली होती. नवरा उरल्याला लोखंडाच्या भट्टीवर, मी इकडं रेग्झिन शिवते. शाळा नववीत सुटलेली. कोणी विचारलं की मी "दहावी" सांगायची आणि मग दिवसभर धास्ती, की हा आता दहावीतलं काही विचारते का काय.

सुमनताई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा संतोष भैया नेहमीसारखे म्हणाले, हो जाएगा दीदी, कोणतीही गाडी आणा. त्यांनी ते ऐकलंच नाही. सीट शिवते कोण, हात कोणाचे, एवढंच त्यांना पाहिजे होतं. भैयांनी माझ्याकडे बोट केलं. ठेंगणी बाई, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, खांद्याला पोस्टमनसारखी पिशवी. सरळ मशीनपाशी आल्या आणि मी नुकत्याच संपवलेल्या कव्हराच्या शिलाईवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका जागी थांबल्या.

"इथं तुझं लक्ष उडालं होतं. काहून?"

खरंच उडालं होतं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन येऊन गेला होता. पण मला त्या प्रश्नापेक्षा त्यातलं "काहून" ऐकून भरून आलं. दुकानात दिवसभर हिंदी, घरी यांच्याशी बोलायचं ते भट्टीच्या थकव्यातलं. त्या मालकिणीसारख्या बाईच्या तोंडून माझ्या आईचा शब्द निघाला. त्यांनी गाव विचारलं, सांगितलं. किती शिकली विचारलं, मी दहावी म्हटलं.

"खोटं बोलून राहिली," त्या म्हणाल्या. रागानं नाही, चुकलेला टाका दाखवावा तशा. "चाल घरी, गाडी पाहून घे."

गाडीत समोर एकच अखंड सीट, सोफ्यासारखी. तिघं जण पाय पसरून बसतील अशी. वरचं कापड फाटून खालचा काथ्या आणि स्प्रिंगा दिसत होत्या. मी वितीनं माप घ्यायला लागले तर त्यांनी हातावर चापट मारली आणि पिशवीतून पातळ कागद काढून दिला. सुमनताई म्हणजे सुमन वझलवार, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईनं जसंच्या तसं उतरवायचं, यात त्यांची सारी नोकरी गेली. "साहेब चुकायचे तर मी त्यांची चूकपण बरोबर काढायची," असं त्या मोठ्या अभिमानानं सांगत. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून सीटची आकृती चार वेळा काढून घेतली. चौथ्या वेळी बोटानं कागद चाचपला आणि म्हणाल्या, आता काप.

सीट शिवायला दहा दिवस लागले असते, मला दीड महिना लागला. कारण त्या मला शिवू देत नव्हत्या. सारखं कुठं तरी जायचं असायचं आणि मी सोबत पाहिजे असायची. दुकान सुटलं की मी त्यांच्याकडे आणि रविवारी तर सकाळपासूनच.

गाडीची कहाणी त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आपल्या घराण्यातली भानगड सांगावी तशी. अमेरिकेतल्या एका मोठ्या मोटार कंपनीनं डिसोटो नावाची गाडी काढली. नाव जुन्या काळी मोहिमा काढणाऱ्या एका स्पॅनिश सरदाराचं. पहिल्याच वर्षी दणक्यात खपली. पण त्याच कंपनीच्या बाकीच्या गाड्या, कोणी हिच्याहून थोडी स्वस्त, कोणी थोडी महाग, दोन्हीकडून हिला चेपत गेल्या. मधल्या बहिणीची गत. एकोणीसशे साठ साली नवं मॉडेल दुकानात मांडलं आणि दोन महिने व्हायच्या आत जाहीर करून टाकलं, की डिसोटो आता बंद.

इथं त्या थांबायच्या. "ज्यानं त्याच महिन्यात घेतली असंल, त्या माणसाचं काय झालं असंल, सांग."

मग त्या आपल्या गाडीवर यायच्या. आपली डिप्लोमॅट. म्हणजे हाडं त्याच कंपनीच्या प्लिमथ गाडीची, तोंडावरची जाळी फक्त डिसोटोची. सुटे भाग पेट्यांत भरून मुंबईला यायचे आणि तिथं गाडी जोडायचे. पुढं प्लिमथही बंद पडली. "म्हणजे माहेरही बुडालं, सासरही बुडालं," सुमनताई म्हणायच्या, "अन् पोट्टी अजून हिंडून राहिली."

गाडी त्यांच्या अप्पांनी, डॉक्टर होते ते, कुठल्याशा लहान संस्थानाच्या दिवाणाकडून घेतली होती. अप्पा गेल्यावर भावांनी आपापलं काय ते नेलं आणि गाडी कोणी नेली नाही.

जगात अजून जिथं जिथं डिसोटो चालते तिथले मालक त्यांच्या ओळखीचे होते. एक कोइमतूरचे रिटायर्ड प्रोफेसर, एक तुर्कस्तानातला, एक अमेरिकेतला शेतकरी, ज्याच्या कोठारात तीन उभ्या होत्या आणि एकच चालत होती. हे लोक एकमेकांना फोटो पाठवायचे, सुमनताई फक्त आवाज मागायच्या. फोन इंजिनपाशी धर आणि मिनिटभर रेकॉर्ड कर, असा त्यांचा हुकूम. एकदा त्या अमेरिकेतल्या शेतकऱ्याचा आवाज आला. ताईंनी फोन कानाला लावून अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि मला सांगितलं, लिही इंग्रजीत, चौथ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह ढिला आहे. चौथ्याचं स्पेलिंग मला येत नव्हतं. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, की खरंच चौथाच होता, आणि त्याची बायको विचारते आहे, तुम्ही डॉक्टर आहात का.

इंग्रजीचं असंच सुरू झालं. गाडीचं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक होतं, पानं पिवळी, कडा तेलकट. रोज एक पान मी मोठ्यानं वाचायचं. अडखळले की त्या शब्द सांगायच्या, अर्थ सांगायच्या, आणि बोनेट उघडून तो भाग हातात धरून दाखवायच्या. "तुझी नववी माझ्याकडून पुरी होईल," म्हणायच्या. मला कोणी इतकं शिकवलं नव्हतं. शाळेत तर मी मागच्या बाकावरची, दार कोणत्या बाजूला आहे ते पाहून बसणारी.

ब्राह्मणपाऱ्यातल्या वरातीची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ओळखीतल्या मुलाचं लग्न होतं, नवरदेव डिसोटोतून नेऊ द्या म्हणून ते लोक मागे लागले. ताईंनी आधीच बजावलं होतं, फुलं लावायची नाहीत आणि गाडी मुंगीच्या चालीनं चालवणार नाही, उकळते ती. हव दीदी, हव दीदी, असं सगळे म्हणाले. वरात निघाली आणि अर्ध्या तासात पन्नास पावलं गेली. पुढं बँड, बँडपुढं नाचणारी पोट्टी, त्यांच्यापुढं नाचणारे काका. इंजिनचा काटा चढत चालला. मी पुढच्या सीटवर, घामानं थबथबलेली, ताईंना सांगते आहे, ताई, काटा लालमधे, ताई, समोर पोरं, ताई, उजवीकडं घोडा. ताईंनी एकदा हॉर्न दिला, दोनदा दिला. मग मला विचारलं, डावीकडची गल्ली मोकळी आहे का. मी हो म्हटलं. त्यांनी गाडी वळवली ती थेट मंगल कार्यालयाच्या दारातच उभी केली. नवरदेव मागं एकटा, फेटा धरून. वरात पोचायला आणखी पाऊण तास लागला. तोवर मुलीकडच्यांनी त्याला दोन वेळा सरबत पाजलं आणि सासऱ्यानं तिसऱ्यांदा ओवाळू का म्हणून विचारलं. पोरगा मला हळूच म्हणाला, "दीदी, ये आंटी हर शादी में ऐसा करती हैं क्या?" मी म्हटलं, आमची पहिलीच आहे.

तर असं चाललं होतं आणि त्यातच अजयचा फोन आला. अजय म्हणजे ताईंचा पुण्यातला भाचा. ताईंना मूलबाळ नव्हतं, लग्नच केलं नव्हतं. मागंपुढं पाहणारा तो एकटाच. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आत्त्या... खरं तर मावशी, पण तो लहानपणापासून आत्त्याच म्हणायचा, आत्त्या, तू एकटी, गाडी सत्तरीची, तू अडुसष्टची. पुरे कर, माझ्याकडे ये. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन कागद नवा करावा लागतो. या वेळची मुदत एका गुरुवारी संपत होती. ताईंनी फोनवर त्याला शब्द देऊन टाकला. गुरुवारी पास झाली तर गाडीचं नाव काढायचं नाही. नाही झाली तर तुझ्या माणसाला पाठव, घेऊन जाऊ दे.

घेऊन जाणारा माणूस म्हणजे कबाडी, भंगारवाला. ते मी घरी यांना सांगितलं तर हे जेवता जेवता म्हणाले, "मग आमच्याकडंच येईल. रोज येतात. दाबून टीव्हीएवढ्या करून आणतात." ताट बाजूला सारून मी उठले. त्या दिवसापासून मला भट्टीचा रस्ताच नकोसा झाला.

गुरुवारी अकराची वेळ मिळाली होती. मी सीटच्या कडेची शेवटची पायपिंग बसवायला सकाळी आठलाच तात्यापाऱ्यात पोचले. ताई कागदांच्या झेरॉक्स काढायला गेल्या होत्या. गाडी दारात होती, आणि पुढचं डावं चाक खाली बसलेलं. पंक्चर.

मला काय सुचलं कोण जाणे. वाटलं, ताई यायच्या आत चाक तयार पाहिजे. त्यांनी माझ्यासाठी इतकं केलं, मी एवढं तरी करीन. चौकातून मुन्ना भैयाला बोलावून आणलं. तो पंक्चर काढण्यात जुना माणूस, त्यानं गाडी जॅकवर घेण्याआधी पाना लावला. बोल्ट हलेना. गंजला असंल म्हणून त्यानं पान्याला लोखंडी पाइप जोडला आणि आम्ही दोघं त्याच्यावर उभे राहिलो. कट्ट आवाज झाला. मी खूश झाले, सुटला वाटून. दुसरा, कट्ट. तिसरा. मग मुन्ना भैयानं तिसऱ्याचं डोकं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, ये तो खुला नहीं। टूटा है।"

पाचपैकी तीन तुटले होते. देठ आतच राहिले होते.

सुमनताई आल्या तेव्हा मी चाकापाशी मातीत बसून होते. त्यांनी पिशवी खांद्यावरून काढून मला धरायला दिली, वाकल्या, आणि तुटलेल्या तिन्ही जागा एकेक करून बोटानं चाचपल्या.

"कोणत्या बाजूनं फिरवलं?"

मी हातानं दाखवलं. मग बोलूनही सांगितलं, कारण त्या माझ्या हाताकडे पाहत नव्हत्या.

"बरोबर आहे. सारं जग तसंच फिरवते," त्या म्हणाल्या. "हिच्या डाव्या चाकांचे आटे उलटे आहेत. चाक पुढं पळते तसा बोल्ट आवळत जावा म्हणून तसे केले त्यांनी. आजपर्यंत चाक मीच काढत आली, म्हणून तुले सांगायचं राहिलं. चूक माझी."

मला रडू आवरेना. मी सांगायचा प्रयत्न करत होते, की ताई, माझ्यामुळं, गाडी आता भट्टीत, माझ्यामुळं.

"रडायचं दुपारी," ताई म्हणाल्या. "आता साडेआठ झाले. मुन्ना, खिडकीवाल्याकडून ड्रिल आण."

शेजारच्या गल्लीत ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारा होता, त्याचं ड्रिल आलं. वायर ताईंच्या स्वयंपाकघरातून ओढली. मुन्ना भैया कुरकुरत होता, तुटलेला बोल्ट ड्रिलनं कधी निघते का, लेथवर न्यावं लागते, दोन दिवसांचं काम आहे. ताई त्याच्याभोवती फिरत होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. ड्रिल फिरते नेहमीच्या बाजूनं. नेहमीची बाजू म्हणजे बाकीच्या बोल्टची आवळायची आणि या बोल्टची सुटायची. आत टोक धरलं की देठ त्याच्यासोबत फिरायला पाहिजे.

पहिल्यांदा टोक घसरलं. दुसऱ्यांदा घसरलं. तिसऱ्यांदा त्यानं लोखंड धरलं, घुर्र घुर्र केलं, आणि तो तुटका देठ बिळातून किडा यावा तसा गोल फिरत बाहेर चालत आला आणि माझ्या पायाशी पडला. मुन्ना भैयानं ड्रिल बंद केलं, कानाला हात लावला आणि पुढचे दोन कुरकुर न करता काढले.

ताईंनी एक जादा बोल्ट कधीकाळी लेथवर घडवून ठेवला होता, तो डब्यातून निघाला. एक मागच्या डाव्या चाकाचा काढला. तोवर मुन्ना भैयानं पंक्चर जोडून चाक चढवलं. पुढं चार, मागं चार. दहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो.

रस्त्यात मी नेहमीसारखी चालू होते. ताई, ऑटो. ताई, डावीकडं सायकलवाला. सिग्नल लाल आहे, ताई. आता हिरवा. समोर गाय, उठत नाही ती. इतर कोणी असतं तर म्हणालं असतं, बाई, गप बस. सुमनताई कधीच म्हणाल्या नव्हत्या. उलट मी जरा थांबले की विचारायच्या, "मग?"

आरटीओत तपासणीला साहू साहेब म्हणून तरुण माणूस होता. बाहेर ऑटोंची आणि मालगाड्यांची रांग, त्यात आमची डिसोटो. लोक फोटो काढायला गोळा झाले. साहू साहेबांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला, हसले. मग चेसिस नंबर घ्यायचा होता. त्या खोदलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे कागदावर उमटतात. तिथली पद्धतच आहे ती. पण नंबरावर किती तरी रंगांचे थर होते. साहेबांनी दोनदा घासलं, नुसता काळा पट्टा उठला.

"रुकिए," ताई म्हणाल्या. पिशवीतून त्यांचा पातळ कागद निघाला, मऊ पेन्सिल निघाली. डाव्या हाताचं एक बोट आकड्यावर ठेवायचं, त्याच्या मागून पेन्सिल सरकवायची. बोट पुढं, पेन्सिल मागं. मान वर, नजर टपावरून आभाळाकडे. आणि तोंडानं एकेक आकडा सांगत होत्या. कागद उचलला तर नंबर छापल्यासारखा. भोवतीच्या ड्रायव्हरांनी वाहवा केली.

साहू साहेब मात्र हसले नाहीत. ते कागदाकडे पाहत नव्हते, ताईंकडे पाहत होते. त्यांनी फॉर्म पुढं केला, इथं सही करा म्हणाले. ताईंनी सही केली ती चौकटीच्या दोन बोटं खाली, छापलेल्या मजकुरावर.

मग साहेबांनी आवाज खाली आणला. "मैडम, बुरा मत मानिए। मेरी शर्ट किस रंग की है?"

"खाकी," ताई म्हणाल्या.

शर्ट निळा होता.

मला आधी वाटलं, उन्हानं चुकल्या. आणि मग एकेक सगळं माझ्या अंगावर आलं. शिलाईवरचा अंगठा. फोटो नको, आवाज पाठवा. रोजचं एक पान मोठ्यानं. गल्ली मोकळी आहे का. मग? मग? मी समजत होते, ही बाई माझं भित्रं बोलणं सहन करते आहे. त्या माझ्या बोलण्यावर गाडी चालवत होत्या. बूढ़ातालाबची पहाटेची फेरी त्या रिकाम्या रस्त्यावर पाठ केल्यासारखी मारत असणार, आणि घरच्या गल्लीत "हटो भैया" म्हणून सगळ्यांना भिंतीला लावायच्या तेही त्याचसाठी. बाकी सगळीकडं, वरातीत, बाजारात, आज या ट्रकांमधून, मीच. जे झालं नव्हतं त्या सगळ्या अपघातांची भीती मला तिथं एकदम वाटून घ्यावी लागली.

"बीचचं, मधातलं नाही दिसत," ताई मला म्हणाल्या, मराठीत, माझ्याकडे तोंड न करता. "कडेकडेचं दिसते. दोन वर्षं झाले."

साहू साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं, गाडीत खोट नाही, पण ब्रेकची तपासणी चालवूनच होते, आणि तुम्हाला मी चालवू देऊ शकत नाही. दुसरा ड्रायव्हर आणा, दुसऱ्या दिवशी या. पण दुसरा दिवस नव्हताच. मुदत आज संपत होती, आणि ताईंनी शब्द दिला होता. मला गाडी येत नव्हती. भोवतीच्या ऑटोवाल्यांनी आत डोकावून पाहिलं, गिअर स्टिअरिंगच्या मानेवर पाहून माना हलवल्या.

किल्ली ताईंच्या मुठीत होती. त्या गाडीभोवती चालू लागल्या. एक फेरी, हात टपावर ठेवून. दुसरी फेरी. मी मागं जाऊ की नको, मला कळेना. तिसऱ्या फेरीला त्या साहू साहेबांसमोर थांबल्या आणि किल्ली पुढं धरली.

"आप चलाइए। मैं बाजू में बैठूँगी। गिअर अपनी तरफ खींचो, फिर नीचे, वो पहला। बाकी चलते-चलते बताऊँगी।"

साहेबांनी घड्याळ पाहिलं, रांग पाहिली. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या.

गाडी दोनदा बंद पडली, एकदा घोड्यासारखी उडाली. तिसऱ्यांदा चालली. परीक्षेच्या मैदानात पांढरी रेघ असते, तिच्यावर चाकं उभी राहिली पाहिजेत. मी डोळे मिटून घेतले आणि उघडले तेव्हा गाडी रेघेवर होती. साहेबांनी तिथंच, स्टिअरिंगवर फॉर्म ठेवून सही केली. पाच वर्षं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मला परत त्या मैदानातच यायचं आहे. रविवारी अजय आला आणि ताईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हणून पुण्याला घेऊन गेला. मी त्या दिवशी गावी होते. पुण्याहून त्यांचे आवाज यायचे फोनवर, दर दोन दिवसांनी गाडी काढली का विचारणारे. उन्हाळ्यात त्या तिकडंच वारल्या. गाडी अजयनं ठेवली आहे. गल्लीतले एक रिटायर्ड ड्रायव्हर ती हिंडवतात, मी बाजूला बसते. त्यांची नजर चांगली आहे, तरी मी बोलत राहते, आणि ते म्हणतात, बेटी, दिख रहा है मुझे.

त्या गुरुवारी मला आरटीओतूनच दुकानात जायचं होतं. संतोष भैयांचे पाच फोन येऊन गेले होते. साहू साहेब काम आटोपून स्वतःच ताईंना गाडीसकट घरी सोडणार असं ठरलं. मी फाटकापाशी ऑटोत बसले आणि वळून पाहिलं.

सही झाली होती, तपासणी संपली होती, मागं ऑटोंची रांग हॉर्न वाजवत होती. गाडी मात्र थांबली नव्हती. मैदानाच्या गोलाला ती दुसरा फेरा घालत होती. साहू साहेब दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून मोठ्यानं हसत होते. सुमनताई त्यांच्या बाजूला, तोंड त्यांच्याकडे, सारखं काही तरी सांगत. वळण आलं तसा त्यांनी आपल्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि मागच्यांना वळायची खूण केली. त्या बाजूनं हात दाखवायची पद्धत नाही, आणि त्या गोलात मागं कोणी नव्हतंही. गाडी वळली. हात तसाच बाहेर राहिला, बोटं पसरलेली, वारा अंगठ्यानं चाचपून पाहावा तशी, आणि माझा ऑटो निघाला तेव्हा तिसरा फेरा सुरू झाला होता.